ओ द्यायची नाही

सिद्दीकने ब्लेडने स्पीकरच्या कोनाची कड सोडवली, कागदी कोन वर उचलला आणि आतली कॉइल नाकाजवळ नेली. जळलेल्या वार्निशचा वास आला. तांब्याची तार काळी पडून जागोजागी चिकटली होती. गिऱ्हाईक खोटं बोलतं, कॉइल बोलत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. आज तेही म्हणायची गरज नव्हती. चार महिन्यांत एकाच घरातून आलेला हा सहावा स्पीकर होता.

टेबलापलीकडे त्या घरचा कर्ता, मल्हार, हाताची घडी घालून उभा होता. न्हावऱ्याच्या पुढे त्याची वस्ती. तिथून शिरूरला तो मोटारसायकलवर बॉक्स आडवा बांधून यायचा आणि स्पीकर तयार होईपर्यंत स्टूलवर बसून राहायचा. चहा सांगितला तर प्यायचा, नाही सांगितला तरी त्याची तक्रार नसायची.

"रोज वरात काढता काय हो घरातनं?" सिद्दीकने विचारलं.

मल्हार हसला नाही. "कवा हुईल?"

"हुईल संध्याकाळपर्यंत. पन हा बी जाईल बघा."

एसटी स्टँडमागच्या त्या दहा बाय आठच्या गाळ्यात सिद्दीकने वीस वर्षं काढली होती. पाबळला सहा महिन्यांचा कोर्स केला, एका उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं शिव्या खाल्ल्या आणि मग स्वतःचं टेबल मांडलं. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाच्याही घरी बारसं असो, वाढदिवस असो की वास्तुशांत, पोरं आवाज वाढवायची आणि दुसऱ्या दिवशी बॉक्स सिद्दीककडे यायचा. लोकांच्या हौसेवर त्याची चूल पेटत होती, तरी त्या हौसेला तो रोज शिव्या घालायचा. बायको, सुफिया, म्हणायची, ज्या ताटात जेवता त्याच ताटावर डाफरता. पण चांगल्या मालाचा असा सत्यानाश त्याला बघवायचा नाही.

"ऐका मल्हारराव. स्पीकर मोठ्या आवाजानं जळत न्हाई, फाटक्या आवाजानं जळतो. तुमचं अँप्लिफायरचं मशीन बारकं. बटन निम्म्यावर गेलं की त्याचा दम सरतो. त्याच्या म्होरं पिळलं तर आवाज वाढत न्हाई, नुसता फाटतो, आन् फाटला की कॉइल तापती. चढाला बैल थकल्यावर चाबूक मारून काय उपेग?"

"बैल मेला तरी चालंल," मल्हार म्हणाला. "गाडी थांबली न्हाई पायजे."

सिद्दीकने मान वर करून पाहिलं. मल्हार तिशीच्या आतला, उसाच्या पाण्यावर वाढलेला दणकट गडी; पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आठ-आठ दिवस झोप न झाल्यासारखी.

"परवा आमच्या पूनमचा, धाकल्या भैनीचा, साखरपुडा हाय. घरीच. पोरगा कुरकुंभला कंपनीत परमनंट हाय. ह्याच्या आधी दोन सोयरिकी घरात येऊन माघारी गेल्या, सिद्दीकभाई. तुमीच चला. तुमचं मोठं मशीन आना. संध्याकाळी गानं बंद पडलं तर हीबी जाईल."

गाणं बंद पडलं म्हणून कुणाची सोयरीक मोडते, हे सिद्दीकने आजवर ऐकलं नव्हतं. मानपानावरून मोडलेल्या त्याला ठाऊक होत्या, जिलबी कमी पडली म्हणून मोडलेली एक त्याच्याच नात्यातली होती. पण मल्हारने हे सांगितलं तेव्हा त्याचा खालचा ओठ थरथरला. सिद्दीकने पुढची चेष्टा गिळली आणि म्हणाला, "येतो. उद्याच सांजच्याला येतो, लावून बघतो."

वस्ती डांबरी रस्ता सोडून आत दोन किलोमीटर होती. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे मोकळं रान आणि रानाच्या कडेला कालव्याची चारी. मागच्या दाराबाहेर एका तुकड्यात गवत इतर रानापेक्षा दाट आणि काळपट हिरवं होतं, लेंडीखतावर वाढतं तसं. तिथे पूर्वी मेंढरं बसायची, हे सिद्दीकला कुणी सांगावं लागलं नाही.

सहाला लाइट गेली, ती आता नऊशिवाय येणार नव्हती. मल्हारने ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवलीच होती. सिद्दीकने आपलं मोठं मशीन जोडलं, दोन्ही बॉक्स अंगणाकडे तोंड करून लावले. प्रत्येक बॉक्सच्या वायरीत त्याने दुकानातूनच एकेक काचेचा फ्यूज टाकून आणला होता. आवाज हाताबाहेर गेला तर फ्यूज उडेल, कॉइल वाचेल. मग त्याने पूनमकडून एक लाल टिकली मागून घेतली आणि आवाजाच्या बटनाशेजारी चिकटवली.

"ह्या टिकलीच्या म्होरं जायचं न्हाई," त्याने मल्हारला बजावलं. "साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढा आवाज ह्याच्या आतच हाय."

पूनम हसली. लग्न ठरू घातलेल्या मुलीचं असतं तसंच हसू, पण हसता हसता तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, ऊन कुठवर गेलंय ते. घरातली सगळीच माणसं मधूनमधून तसं बघत होती. मल्हारच्या तीन वर्षांच्या पोराच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. कान फुटला असेल बिचाऱ्याचा, असं सिद्दीकला वाटलं.

दिवेलागणीला मल्हारने कॅसेट लावली. एका बॉक्समधून बारीक खरखर येत होती. सिद्दीकला ती सहन होईना. त्याने कुणाला न विचारता मशीन बंद केलं, बॉक्सची वायर सोडवली आणि कॉइल घासते का ते बघायला बोटांची टोकं कोनावर टेकवली.

घर एकदम गप्प झालं. मल्हारची बायको भाकरी थापता थापता थांबली. पूनमने भाच्याला उचलून छातीशी धरलं आणि त्याचे कान आपल्या हातांनी आणखी झाकले.

"भाई, चालू करा," मल्हार कुजबुजला. "चालू करा लवकर."

"थांबा की, खरखर—"

"कुणी हाय काऽऽ"

हाक मागच्या रानातून आली. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, दमलेला, पण रागावलेला नाही. दिवसभर रानात हिंडून आलेला माणूस दारात कुणी दिसलं नाही म्हणजे जशी मारेल तशी साधी हाक. सिद्दीकने मागच्या दाराकडे वळून तोंड उघडलं. त्याच्या मनगटावर एक हात पडला. मल्हारच्या आईचा, म्हाळसाबाईंचा. राखेने भरलेला, कोरडा आणि इतका घट्ट की त्याचं घड्याळ हाडात रुतलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"कुणी हाय काऽऽ"

सिद्दीकची बोटं अजून कोनावर होती. हाकेसरशी कोन बोटांखाली आत दबला आणि परत वर आला. मशीन बंद होतं, वायर सुटलेली होती. कानाला भास होतो, मनाला होतो. पण कागदाला भास होत नाही, हे वीस वर्षं स्पीकर उघडणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. त्याने बोटं उचलून घेतली.

मागचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून त्याला रान दिसत होतं, तो दाट गवताचा तुकडा दिसत होता, आणि माणूस कुणीच दिसत नव्हता. घरचं कुत्रं उठून चारीच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं होतं. भुंकत नव्हतं. शेपूट हलवत होतं.

हाका पंधरा-वीस झाल्या. मग थांबल्या. म्हाळसाबाईंनी त्याचं मनगट सोडलं आणि पदराला हात पुसले.

"तीन हाका झाल्याबिगर ओ दिऊ न्हाई असं मानसं म्हंत्यात," त्या म्हणाल्या. "आमचं म्हातारं पंधरा मारतंय. त्येला कुठला नेम लावायचा?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं, चुलीसमोर बसून, लाकडं मागेपुढे करत. दोन वर्षांपूर्वी नातवाचा पहिला वाढदिवस होता. मल्हारने शिरूरहून दोन मोठे बॉक्स भाड्याने आणले होते. पोरं अंगणात नाचत होती. त्यांचे मालक, रखमाजी, मेंढरं घेऊन चारीच्या अंगाने येत होते. म्हाताऱ्याला कितीदा सांगितलं, आता ऊस आहे, घर आहे, सोड ती मेंढरं. पण पाय घरात टिकायचे नाहीत. मेंढरं आपली आपण घरी आली, जागेवर बसली. म्हातारा मागून येत असेल असं सगळ्यांनी धरलं. तो चारीत पडला होता, कंबर मोडून, घरापासून दोन हाकांवर.

"पल्याडच्या वस्तीवरची बाई नंतर म्हनली, आमी ऐकत हुतो की. कुनी हाय का, कुनी हाय का. पन तुमच्या घरी गाव जमल्यालं, म्हनून आमी आलो न्हाई." म्हाळसाबाईंनी एक लाकूड आत सारलं. "आमालाच तेवढं ऐकू आलं न्हाई. सकाळी घावले."

मल्हार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"आन् ओ दिली तर?" सिद्दीकने विचारलं.

"धाकल्या दिरानं दिली, गेणबानं. राहायला आला हुता, त्येला ठावं न्हवतं. बाजेवरनं म्हनला, हाय हाय, आलो. तिसऱ्या सांजला उठला, पायात वहाना घातल्या, आलोच म्हनला आन् गेला. सकाळी त्याच चारीत. अंगावर खरचटल्याची खून न्हाई." त्यांनी पोराच्या कानातला बोळा नीट केला. "हे बोलाया लागल्यापास्नं तर जिवाला घोर हाय. लेकरू हाय, कुनी हाय का म्हनल्यावर हाय म्हननारच."

आधी आलेल्या दोन सोयरिकींच्या माणसांनी हाका ऐकल्या होत्या. घरची माणसं पुतळ्यासारखी बसलेली बघून ती पाणी न पिताच उठली. भगत झाले, अंगारे झाले, म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध दोनदा झालं. शेवटी मल्हारला स्पीकरचा उपाय सुचला. आवाजानेच घात केला होता, आता आवाजाचाच आधार होता.

घरी परतताना सिद्दीकने फ्यूज काढून टाकावे का याचा विचार केला. काढले आणि कॉइल जळली तर तासाचं काम. फ्यूज उडाला तर अर्ध्या मिनिटात दुसरा बसतो, आणि दुसरा तर त्याच्या खिशात राहणारच होता. अर्ध्या मिनिटात काय आभाळ कोसळणार आहे? आयुष्यभराच्या सवयीने त्याने स्पीकरची काळजी आधी केली आणि फ्यूज तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम चारचा ठरला होता. दिवेलागणीच्या आत सुपारी फुटून पाहुणे गाडीत बसलेले असावेत, असा म्हाळसाबाईंचा हिशेब. पण नवरा मुलगा, शंभू, पहिल्या पाळीला होता, आणि नेमका त्याला सोडवायला येणारा पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही. केमिकलचा प्लांट, माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. पाहुण्यांची जीप अंगणात शिरली तेव्हा सव्वासहा झाले होते आणि लाइट गेलेली होती.

"उशीर झाला बघा," शंभू सगळ्यांना हात जोडत म्हणाला. "साहेबाच्या पाया पडून आलो." लाजरा, उंच, नवीन शर्टाच्या घड्या तशाच असलेला पोरगा. पूनमने दाराआडून त्याला पाहिलं. तिचं तोंड उजळलं आणि लगेच विझलं, कारण त्याच्या पाठीमागे ऊन संपत आलं होतं.

सिद्दीकने गाणी लावली. मोठं मशीन टिकलीच्या आतच अंगण दणाणून सोडत होतं. आवाज भरलेला, गोल, कुठे फाटत नव्हता. स्वतःच्या कामाचा असा अभिमान त्याला फार दिवसांनी वाटला. नवऱ्या मुलाची आजी, सोजराबाई, कानावर पदर घेऊन कुरकुरली, "आगं आवाज बारीक करा, बोलायचं कसं मानसानं?" म्हाळसाबाईंनी तिला पेढा भरवून विषय मिटवला. घरची माणसं ओरडून बोलत होती, ओरडून हसत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हौशी घर आहे.

मग सिद्दीकला पाहुण्यांनी चहाला बोलावलं. तो मशीनपासून दहा पावलं लांब गेला, एवढंच.

बॅटरी उतरत होती. अर्धा तास दोन बॉक्स ओढून ती थकली, आणि आवाज किंचित बसला. किंचितच. सिद्दीकशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मल्हारचे कान दोन वर्षं आवाजाकडेच लागलेले होते. अंगणाच्या कडेला अंधार जमला होता. कुत्रं उठून मागच्या बाजूला गेलं. मल्हार मशीनजवळ आला आणि त्याने बटन टिकलीच्या पुढे नेलं, मग आणखी पुढे, शेवटपर्यंत.

गाणं फाटलं. "नको, मल्हारराव!" सिद्दीक बशी टाकून धावला. तो पोचायच्या आत दोन्ही फ्यूज उडाले.

फाटका स्पीकर निदान थोडा वेळ भरभरत तरी राहतो. मरताना आवाज करतो. फ्यूज तसं काही करत नाही. स्पीकर धडधाकट होते, कॉइल शाबूत होत्या, आणि अंगणात सुई पडली तर ऐकू यावं इतकं शांत झालं होतं. सिद्दीकने खिशातला फ्यूज काढला. काचेची बारकी नळी बोटांतून सुटली आणि सारवलेल्या जमिनीवर अंधारात कुठे तरी गेली. तो गुडघ्यांवर बसून चाचपू लागला.

"कुणी हाय काऽऽ"

"कोन वरडतंय गं मागं?" सोजराबाईंनी विचारलं.

पूनम उंबऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप एकमेकांना लागून बारीक किणकिणत होते.

"कुणी हाय काऽऽ"

"आवो, दारात मानूस उभा राहून हाका मारतोय," सोजराबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात नवल होतं, आणि थोडी नाराजी. "कसली मानसं तुमी? ओ द्या की कुनीतरी."

मल्हारने तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्या मुलाचा बाप एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. सिद्दीकचा हात जमिनीवर फिरत होता. माती, पेढ्याचा चुरा, माती.

"बसा आजी, मी बघतो," शंभू म्हणाला. सासुरवाडीत पहिल्याच दिवशी कामाला येणारा जावई कुणाला आवडणार नाही? तो उठला, शर्ट खाली ओढला आणि मागच्या बाजूला तोंड करून त्याने ओ द्यायला छाती भरून श्वास घेतला. पूनमच्या हातातला ट्रे खाली गेला.

"हायऽऽ!"

तो आवाज म्हाळसाबाईंचा होता. खणखणीत, मोकळा, पलीकडच्या टेकाडाला पोचेल असा, मेंढरांमागे हिंडलेल्या बाईचा आवाज. त्या पाटावरून उठल्याही नव्हत्या. ओटीचा खण त्यांच्या मांडीवर तसाच होता.

"हायऽऽ! आलेऽऽ!"

मग त्या पाहुण्यांकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्यातलं म्हातारं मानूस हाय रानात. रोजची सवं हाय त्येची, हाक मारून बघायची. बसा जावईबापू, तुमी कशाला उठता? पूनम, कप फुटले म्हंजी शकुन असतो बाई. दुसरा चहा टाक."

शंभू खाली बसला. हाक पुन्हा आली नाही.

सगळ्यांनी थोडा वेळ वाट बघितली असावी. मग सोजराबाई हसल्या. "मला वाटलं कुनाला बोलताच येत न्हाई ह्या घरात." त्यावर पाहुण्यांच्यातही हशा पिकला. कंदील आला, सुपारी फुटली, अंगठ्या घातल्या गेल्या. सिद्दीकला फ्यूज सापडला. तो बसवायला निघाला तेव्हा म्हाळसाबाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे आता. मानसांना बोलू द्या."

मल्हार बॉक्सला टेकून खाली बसला होता, तोंडात मनगट दाबून. त्याच्याकडे पाहुण्यांपैकी कुणाचं लक्ष गेलं नाही. भावाला बहिणीचं जायचं जड जातं, असं समजून एकाने त्याच्या पाठीवर थोपटलं.

जीप गेल्यावर सिद्दीक वायरी गुंडाळू लागला. म्हाळसाबाई सुफियासाठी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. त्यांच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"मावशी, माझ्या त्या फ्यूजमुळं झालं. जळले असते स्पीकर तर जळले असते."

"तुमचा काय दोष? चांगल्यासाठीच केलं तुमी." त्या मागच्या रानाकडे बघत होत्या. "दोन वरीस उभं हाय बिचारं दारात. एका हाकेचं काम हुतं, आन् आमी सारी तोंडात बोळा घालून बसलो हुतो."

"पन मावशी, आता..."

"आता काय? आले म्हनलंय. कवा येते ते कुठं म्हनलंय?" आणि त्या चक्क हसल्या. "येवढं थांबला, आजून जरा थांबल. आदी माज्या लेकीचं लगीन हुं दे."

तिसऱ्या सांजेला मल्हार आईच्या पायाशी बसून राहिला, तिच्या वहाणा आपल्या मांडीखाली घेऊन. काही झालं नाही. चौथ्याही दिवशी नाही. हाका बंद झाल्या, पोराच्या कानातले बोळे निघाले. तीन महिन्यांनी पत्रिका द्यायला मल्हार दुकानात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. "सुटलो बघा, भाई," तो म्हणाला. "आई म्हनती, ओ दिली, झालं समाधान." मग जाता जाता पायरीवर थांबला. "कुत्रं तेवढं अजून सांजचं तिकडं तोंड करून बसतंय. मुकं जनावर, त्येला काय कळतंय?"

लग्न वैशाखात दारातच झालं. सिद्दीकने दुकानातलं सगळ्यात चांगलं मशीन नेलं, दोन नव्या बॅटऱ्या नेल्या. त्याने पैसे घेणार नाही असं आधीच सांगून टाकलं होतं. म्हाळसाबाई दिवसभर मांडवात हिंडत होत्या. वाढणाऱ्यांवर ओरडत होत्या, विहिणीशी थट्टा करत होत्या. पाठवणीला पूनम गळ्यात पडून रडली तेव्हा त्या रडल्या नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

वऱ्हाडाची गाडी डांबरीला लागली. मल्हार गाडीच्या पुढे मोटारसायकलवर वाट दाखवायला गेला होता. मांडवात पत्रावळी आणि तांदूळ पडले होते, ऊन खाली आलं होतं, आणि सिद्दीकचं गाणं चालूच होतं. म्हाळसाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हातपाय धुतले होते. केस नीट विंचरले होते. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"बंद करा आता, सिद्दीकभाऊ."

"आजून एक बाजू ऱ्हायली कॅसेटची, मावशी."

"ऱ्हाऊ दे. मानसं गेली. कुनाला ऐकवायचं?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती असती तर तो नाही म्हणाला असता. मोठं काम उरकल्यावर बाईमाणूस दमून बसतं, तसा त्यांचा चेहरा होता, आणि थोडी घाई होती, जेवण पोचवायला उशीर झाल्याची.

सिद्दीकने बटनाला हात लावला. मशीन एकदम बंद करायचं नसतं, आधी आवाज उतरवायचा असतो, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला होता. तसाच त्याने तो उतरवला. इतक्या सावकाश की गाणं संपत आलं, तरी ते ऐकू येतच होतं. म्हाळसाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी घाई केली नाही. शेवटी बटन तळाला टेकलं.

त्यांनी मान हलवली, पायात वहाणा घातल्या आणि घरातून मागच्या दाराने बाहेर पडल्या.

बाहेरून कुणाची हाक आली नाही. सिद्दीक वायर गुंडाळायला बसला. गुंडाळलेली पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळत होता, तेव्हा मोटारसायकल अंगणात येऊन थांबली.

"आई कुठं हाय, भाई?"

सिद्दीकने वर पाहिलं नाही. मल्हार घरात गेला, खोल्या बघितल्या, मागच्या दारात उभा राहिला. रानात अजून उजेड होता.

"आईऽऽ," त्याने हाक मारली. मग जरा थांबून, आणखी मोठ्याने, "आईऽऽ."

सिद्दीकच्या हातातली वायर थांबली, आणि तोही कान देऊन ऐकू लागला.